पहाटे साडेपाचची मुदत

१२ जानेवारी २०२१, पहाटे ५:३०. वेबवरची ॲनिमेशन्स चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरच्या, जगभरच्या संगणकांवर बसवलेल्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये हा क्षण आधीच नोंदवून ठेवलेला होता. ग्रिनिचला तेव्हा मध्यरात्र, चीनमध्ये सकाळचे आठ आणि आपल्याकडे साडेपाच. त्या क्षणानंतर प्लेअर संगणकाचं घड्याळ बघणार आणि समोरची फाइल चालवायला नकार देणार होता. यात लपवाछपवी नव्हती. फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद होईल हे तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २५ जुलै २०१७ला सांगितलं होतं. ८ डिसेंबर २०२०ला शेवटची आवृत्ती आली, तेव्हा १२ जानेवारीची तारीखही जाहीर झाली होती.

साडेतीन वर्षांची पूर्वसूचना मिळूनही आमचं काम शेवटच्या वीस तासांवर का आलं आणि त्या वीस तासांत काय घडलं, याचा हा घटनाक्रम आहे. वेबसाठी ॲनिमेशन, आवाज, चित्रफिती आणि प्रश्नमंजुषा बांधणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. त्या कामावर कोणाची रोजी अवलंबून असते हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असतं.

सोमवार, ११ जानेवारी, सकाळी ९:३०. उरले २० तास

सकाळच्या कॉलवर आम्ही पाच जण. करोनामुळे सगळे आपापल्या घरून. पुण्यातल्या एका छोट्या ई-लर्निंग कंपनीत मी मल्टिमीडिया डेव्हलपर. हातातलं काम एका कारखान्याचं: कंत्राटी कामगारांचं सेफ्टी ट्रेनिंग. त्याचे भाग तीन. पहिला आगीचा, दुसरा उंचीवरच्या कामाचा, तिसरा 'लोटो'चा, म्हणजे लॉक-आऊट टॅग-आऊटचा. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालण्याआधी वीज तोडायची, स्विचला कुलूप लावायचं, कुलपावर आपल्या नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्या कोणी चुकून यंत्र सुरू केलं तर आत असलेला माणूस जिवाला मुकतो. म्हणून तिन्ही भागांत हा सर्वांत महत्त्वाचा.

गेटजवळच्या खोलीत चार कियॉस्क आहेत. नवा कामगार तिथे बसून तिन्ही भाग बघतो, प्रश्नांची उत्तरं देतो. उत्तीर्ण झाल्याची नोंद एलएमएसमध्ये, म्हणजे ट्रेनिंगची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर जाते. गेटची यंत्रणा तीच नोंद वाचते आणि पास देते. नोंद नाही तर पास नाही, पास नाही तर हजेरी नाही. मंगळवारी सकाळी साडेसहाच्या पाळीला नव्या कामगारांची एक तुकडी येणार होती.

हा अभ्यासक्रम २००९मध्ये फ्लॅशमध्ये बनला. बनवणारी संस्था पुढे बंद पडली. तो एचटीएमएल-५मध्ये, म्हणजे प्लेअरशिवाय थेट ब्राउझरमध्ये चालेल असा, नव्याने बांधा, अशी वर्क ऑर्डर आमच्या हातात पडली ती डिसेंबरमध्ये. मधली तीन वर्षं बजेटच्या प्रत्येक बैठकीत एकच वाक्य बोललं गेलं होतं: 'चालतंय ना? मग चालू दे.' पहिले दोन भाग आम्ही पुरे केले होते. लोटो बाकी होता.

सकाळी ११:००. उरले साडेअठरा तास

फ्लॅशच्या कामात दोन फाइली असत. एक एफएलए. तिच्यात थर, चित्रं, कोड, कोडमधल्या टिपा, असा सगळा कच्चा संसार असे. दुसरी एसडब्ल्यूएफ, ती एफएलएमधून छापून काढलेली आणि ब्राउझरमध्ये चालणारी. बदल करायचा तर एफएलए लागते. आमच्याकडे लोटोची फक्त एसडब्ल्यूएफ होती. कारखान्याकडे एफएलए कधी आलीच नव्हती, कारण २००९च्या करारात ती मागितलेलीच नव्हती.

अशा वेळी डिकम्पायलर नावाचं साधन लागतं. ते एसडब्ल्यूएफ उघडून आतल्या आकृत्या, आवाज आणि कोड बाहेर काढतं. पण थरांची नावं गेलेली असतात, टिपा गेलेल्या असतात. फंक्शनच्या आतल्या चलांना मूळ नावं नसतात, त्या जागी साधनाने दिलेले नुसते क्रमांक असतात. 'कुलूप लावलं का' तपासणारं चल कोणतं आणि 'किल्ली खिशात गेली का' तपासणारं कोणतं, हे प्रत्येक ओळ चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून लिहिलेला कोड आम्ही त्याच्या परिणामांवरून उलटा वाचत होतो.

आमच्या टेस्टरने विचारलं, "रफल लावून जुनीच फाइल का नाही चालवायची?" प्रश्न रास्त होता. रफल हा फ्लॅशची नक्कल करणारा मुक्त प्रोग्राम आहे आणि इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२०पासून त्याच्याच आधारे जुनी ॲनिमेशन्स आणि खेळ पुन्हा चालू केले होते. पण रफलला ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली नावाचं तंत्र लागतं. कारखान्याच्या कियॉस्कवर विंडोज ७ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ११ होतं, त्यात वेबअसेम्ब्ली नाही. तो रस्ता तिथेच संपला.

दुपारी १:३०. उरले १६ तास

मराठी मजकुराची पाळी आली.

२००९च्या सुमारास फ्लॅशमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसत नसे. जोडाक्षरं फुटत, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. म्हणून त्या काळचे डिझायनर श्री-लिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट वापरत. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. पुष्कळदा तर मजकूर 'ब्रेक अपार्ट' करून त्याच्या निव्वळ आकृत्या केल्या जात, म्हणजे फाँट नसलेल्या संगणकावरही तो नीट दिसे.

त्याचं फळ आमच्यासमोर होतं. अर्धा मजकूर रोमन अक्षरांची खिचडी, अर्ध्याच्या नुसत्या वक्ररेषा. शोधता येत नव्हता, कॉपी करता येत नव्हता. पडद्यावर वाचायचा आणि युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचा, एवढंच शक्य होतं. 'मुख्य वीजपुरवठा खंडित करा', 'दाब शून्य झाल्याची खात्री करा', 'दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नका'. एक अनुस्वार चुकला तर भागतं, 'करा'चं 'करू नका' झालं तर भागत नाही. म्हणून एक जण टाइप करत होती आणि दुसरा मोठ्याने वाचून ताडून बघत होता.

मराठीत असं काम किती झालं असेल याचा विचार त्या दुपारी मनातून जाईना. बालगीतांच्या सीडी, शालेय विज्ञानाची ॲनिमेशन्स, शेतीचे आणि आरोग्याचे माहितीपट. त्या दशकातलं बरंच काम फ्लॅश किंवा डायरेक्टर या साधनांत झालं आणि अशाच फाँटमध्ये लिहिलं गेलं. डायरेक्टरचा शॉकवेव्ह प्लेअर ९ एप्रिल २०१९लाच बंद झाला होता. ज्या कामाचा मजकूर युनिकोडमध्ये नाही आणि मूळ फाइल कोणाकडे नाही, ते पुन्हा उभं करायचं तर माणसाला बसून अक्षर अन् अक्षर वाचावं लागतं. इंग्रजी अभ्यासक्रमाचा मजकूर डिकम्पायलरमधून बहुधा एका फटक्यात बाहेर येतो. आपल्या भाषेला ही सवलत नाही.

दुपारी ४:००. उरले साडेतेरा तास

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरांचा फोन. "मॅडम, एक छोटासा बदल आहे. कंत्राटी कामगारांचं हेल्मेट आता पिवळं नाही, निळं. पिवळं कायम कामगारांचं झालंय."

या क्षेत्रात 'छोटासा बदल' ऐकला की पोटात खड्डा पडतो. एफएलए असती आणि हेल्मेट वेगळं सिम्बॉल करून ठेवलेलं असतं, तर एका जागी रंग बदलला की सगळीकडे बदलला असता. पण मूळ चित्रकाराने हेल्मेट डोक्यासकटच काढलेलं होतं, प्रत्येक पवित्र्यात निराळं. उभा, वाकलेला, मागे वळलेला, कुलूप लावणारा.

पण त्यांचं म्हणणं खरं होतं. निळं हेल्मेट डोक्यावर घालून बसलेल्या माणसाने पडद्यावर पिवळं बघितलं, तर हे आपल्याला सांगत नाहीत असंच त्याला वाटेल. आम्ही रंग बदलले. दोन तास गेले.

संध्याकाळी ७:००. उरले साडेदहा तास

आवाज आणि चित्र यांची फारकत झाली होती.

फ्लॅशमध्ये आवाज 'स्ट्रीम' पद्धतीने टाइमलाइनला जोडला की प्लेअर आवाजाला मालक मानायचा. संगणक मंद असला तर तो मधल्या फ्रेम गाळायचा, पण बोलणं आणि हालचाल एकत्र ठेवायचा. एचटीएमएल-५च्या कॅनव्हासवर तसं आपोआप होत नाही. तिथे चित्र स्वतःच्या गतीने रंगवलं जातं आणि आवाज स्वतंत्र वाहत असतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं जुळत होतं. कियॉस्कइतकाच जुना एक संगणक टेस्टरकडे होता, त्यावर निवेदिका 'आता किल्ली खिशात ठेवा' म्हणाली तेव्हा पडद्यावरचा माणूस अजून स्विच शोधत होता.

करमणुकीच्या कामात हे खपलं असतं. इथे हाताची कृती आणि शब्द एकाच क्षणी दिसणं हाच धडा होता. उपाय माहीत होता: दर वेळी चित्र रंगवण्याआधी आवाज कुठवर पोचला हे विचारायचं, त्यावरून फ्रेमचा क्रमांक काढायचा आणि थेट त्या फ्रेमवर उडी मारायची. पण उडी मारली की मधल्या फ्रेमवर लिहिलेला कोड चुकतो. म्हणून 'कुलूप लागलं', 'चिठ्ठी अडकवली' अशा सगळ्या खुणा फ्रेमवरून काढून आवाजातल्या वेळेला बांधाव्या लागल्या. वर बहुतेक नवे ब्राउझर माणसाने स्पर्श केल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाहीत. क्रोमने तो नियम एप्रिल २०१८मध्ये आणला, मोबाइलवर तो त्याआधीपासून होता. म्हणून सुरुवातीला 'सुरू करा' हे बटण वाढवलं. रात्री दहाच्या सुमारास बोलणं आणि हात एका लयीत आले. त्या क्षणी झालेला आनंद खरा होता, आणि त्यासाठीच माणूस या कामात टिकतो.

रात्री १०:३०. उरले सात तास

सेफ्टी ऑफिसर अजून कारखान्यातच होते. कियॉस्कवर चाचणीची आवृत्ती चढवली आणि त्यांनी मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला. पान पांढरं. काहीच नाही.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ला जावास्क्रिप्टची २०१५ची लिखाणपद्धत कळत नाही. आम्ही आमचा कोड जुन्या पद्धतीत उतरवून देत होतो, पण आवाजासाठी घेतलेल्या एका तयार लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत नव्या पद्धतीची काही फंक्शन्स तशीच राहिली होती. अशी एक ओळ आली की हा ब्राउझर संपूर्ण फाइल नाकारतो आणि कोणती ओळ ते कियॉस्कच्या पूर्ण पडद्यावर दिसत नाही. सेफ्टी ऑफिसरांनी खोलीतून कीबोर्ड शोधून आणला, एफ-१२ दाबलं आणि फोनवर चूक दाखवणारी लाल ओळ अक्षर-अक्षर वाचून दाखवली. कोडशी काही संबंध नसलेला माणूस रात्री अकरा वाजता कंस आणि बाण न चुकता वाचत होता. लायब्ररीही जुन्या पद्धतीत उतरवली. साडेबाराला पहिलं चित्र दिसलं.

मध्यरात्रीनंतर १:००. उरले साडेचार तास

काम पूर्ण होईलच याची खात्री नव्हती, म्हणून पळवाटांचा हिशेब मांडला.

पहिली वाट अधिकृत होती. अडोबीने कंपन्यांसाठी एक सोय ठेवली होती: फ्लॅशच्या फोल्डरमध्ये 'एमएमएस डॉट सीएफजी' ही फाइल ठेवायची, तिच्यात परवानगी-यादी चालू करायची आणि आपला पत्ता लिहायचा. तेवढ्या पत्त्यापुरता फ्लॅश मुदतीनंतरही चालतो. चार ओळींचं काम. पण ती फाइल ठेवायला कियॉस्कचे ॲडमिन अधिकार लागतात, ते बाहेरच्या कंत्राटदाराकडे होते आणि त्याचा फोन बंद होता.

दुसरी वाट मुदतीचं कलम नसलेली जुनी आवृत्ती बसवण्याची. त्यालाही तेच अधिकार लागत. शिवाय ती आवृत्ती अनोळखी ठिकाणाहून उतरवावी लागली असती आणि सुरक्षेची भोकं हेच तर फ्लॅश बंद करण्यामागचं मोठं कारण होतं.

तिसरी वाट कॉलवर कोणीतरी सुचवली: कियॉस्कची तारीखच मागे न्यायची. प्लेअर घड्याळावर विश्वास ठेवतो, त्याला १० जानेवारी दाखवली की तो चालेल. सेफ्टी ऑफिसर लगेच म्हणाले, "ते जमणार नाही. ट्रेनिंगच्या कागदावर कियॉस्कचीच तारीख छापून येते. उद्या अपघात झाला तर पहिला हाच कागद बघतात. त्यावर खोटी तारीख मी घालणार नाही." त्यावर कोणी वाद घातला नाही. नवा भाग पुरा करणं एवढीच वाट उरली.

पहाटे ३:४५. उरले पावणेदोन तास

लोटोचा भाग तयार झाला. एलएमएसचे ॲडमिन आमच्यासाठी जागे राहिले होते. त्यांनी फाइल चढवली. पान उघडलं, आवाज आला, पहिले प्रश्न सुटले. "झालं ना? मग मी पडतो थोडा," असं म्हणून ते साडेचारला गेले. दिवसभर काम करून पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाला थांबवायला आमच्यापाशी कारण नव्हतं.

पहाटे ५:०५. उरली २५ मिनिटं

टेस्टरने घरून कारखान्याच्या एलएमएसवर संपूर्ण भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत दिला. तोवरच्या पूर्ण चाचण्या आमच्या सर्व्हरवर झाल्या होत्या आणि तिथे सगळं हिरवं होतं. इथे शेवटचं उत्तर दिल्यावर पडद्यावर 'अभिनंदन' आलं, पण एलएमएसमध्ये 'अपूर्ण' असंच राहिलं.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. अभ्यासक्रम आणि एलएमएस यांच्यातला संवाद स्कॉर्म १.२ या मानकाने होतो. कामगाराची प्रगती साठवायला त्यात एक खण असतो आणि त्याची मर्यादा ४,०९६ अक्षरांची. पुष्कळ एलएमएस ही मर्यादा पाळायला लावत नाहीत, आमचा चाचणीचा सर्व्हर त्यांतलाच. कारखान्याचा जुना सर्व्हर काटेकोर होता. मर्यादा ओलांडली की तो सगळी नोंद परत करायचा, निकालासकट.

मर्यादा ओलांडली कशी? २००९च्या रचनेत कामगाराने निवडलेलं उत्तर शब्दशः साठवलं जाई आणि ऑडिटसाठी तीच पद्धत ठेवायची असं कारखान्याने लेखी सांगितलं होतं. जुन्या फाँटमध्ये एका मराठी अक्षराला फाइलमध्ये एखाददुसरं रोमन चिन्ह पुरत असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि मात्रा तीन बाइटची असते आणि सुरक्षित पाठवण्यासाठी सांकेतिक रूप दिलं की तिची नऊ चिन्हं होतात. लोटोत पंधरा प्रश्न. चाळीस-चाळीस अक्षरांची उत्तरं धरली तरी पाच हजारांच्या वर. आधीच्या दोन भागांत प्रश्न थोडे होते म्हणून ते निभावले. तीच उत्तरं इंग्रजीत असती तर हजाराच्या आतबाहेर राहिली असती. मानक लिहिताना एका अक्षराला एक जागा असं धरलं होतं. ज्या भाषांची गणितं वेगळी आहेत त्यांची किंमत त्या भाषांत काम करणारे आणि ती वाचणारे भरतात.

पहाटे ५:३०. शून्य

सेफ्टी ऑफिसरांनी एका कियॉस्कवर जुना फ्लॅशचा भाग उघडून ठेवला होता. त्यांनी पान ताजं केलं. कुलूप घेऊन उभा असलेला माणूस गेला. त्या जागी एक रिकामी चौकट आणि मध्ये छोटंसं चिन्ह. त्यावर दाबलं की फ्लॅश संपल्याची सूचना देणारं अडोबीचं पान उघडत होतं. बारा वर्षं रोज चाललेला धडा बंद झाला.

नव्या भागातली दुरुस्ती सोपी होती: उत्तराच्या मजकुराऐवजी त्याचा क्रमांक साठवायचा आणि मजकुराची यादी ऑडिटसाठी वेगळी ठेवायची. ६:१०ला ती तयार झाली. ती चढवण्याचे अधिकार फक्त एलएमएसच्या ॲडमिनकडे होते. त्यांचा फोन वाजत राहिला.

सकाळी ६:३०

पाळीचा भोंगा झाला. वीस-बावीस कामगार खोलीत आणि खोलीबाहेर. आगीचा भाग झाला, उंचीचा झाला, लोटो बघूनही झाला. पंधराच्या पंधरा प्रश्न बरोबर सोडवलेले त्यांतले कितीतरी. नोंद कोणाचीच नाही.

सेफ्टी ऑफिसरांनी खोलीबाहेरच्या पटांगणात कुलूप, चिठ्ठी आणि एक जुना स्विच मागवला आणि प्रत्येकाकडून सगळी क्रिया हाताने करून घेतली. आमच्या ॲनिमेशनपेक्षा ते शिक्षण चांगलंच होतं. त्यांनी सह्या घेतल्या, कागद केला. गेटच्या यंत्रणेला कागद वाचता येत नव्हता आणि ती हाताने उघडण्याची सोय कोणी ठेवलेली नव्हती.

सकाळी ७:४५

कंत्राटदाराच्या माणसाने सगळ्यांना परत पाठवलं. त्या दिवसाची हजेरी लागली नाही. हजेरी नाही म्हणजे मजुरी नाही.

सकाळी ९:४०

ॲडमिन कामावर आले, दुरुस्त भाग चढला, पुढच्या चाचणीत नोंद झाली. गेटबाहेर तेव्हा कोणी नव्हतं.

त्यानंतर

नंतर बातम्यांमधून कळलं की त्याच क्षणी इतर ठिकाणीही घड्याळ संपलं होतं. चीनमधल्या दालियानच्या रेल्वे डेपोत सकाळी आठनंतर वेळापत्रकाचे पडदे बंद पडू लागले आणि तिथल्या माणसांनी वीसेक तास झगडून जुनी आवृत्ती बसवली. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याने तर फ्लॅशमधले अर्ज भरता यावेत म्हणून त्याच महिन्यात स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला. मुदत सगळ्यांना ठाऊक होती, पण ती आपल्या कुठल्या कामात येऊन आदळणार हे बघून ठेवणं कोणाच्याच जबाबदारीत लिहिलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमचं काम पडद्यावर दिसतं, म्हणून ते सजावट समजलं जातं. ती सजावट नाही. गेट, हजेरी, मजुरी आणि माणसाचा जीव त्याला जोडलेला असतो. घेणाऱ्याने म्हणूनच चार गोष्टी करारात लिहून मागाव्यात: सगळ्या मूळ फाइली, युनिकोडमधली संपूर्ण संहिता, निवेदनाचं कच्चं ध्वनिमुद्रण आणि हे काम कोणकोणत्या बाहेरच्या तंत्रावर उभं आहे याची यादी, प्रत्येकाच्या ज्ञात शेवटच्या तारखेसह. देणाऱ्याने त्या न मागताही द्याव्यात. आणि कोणतीही यंत्रणा माणसाची रोजी अडवू शकत असेल, तर ती हाताने उघडण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या जबाबदार माणसाकडे असलाच पाहिजे.

काम संपवून सगळं साहित्य आम्ही कारखान्याला दिलं तेव्हा सेफ्टी ऑफिसरांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "मॅडम, आता यातलं पुढचं काय बंद पडणार?" मी कियॉस्कच्या ब्राउझरवर बोट ठेवलं. त्यांनी त्याच आठवड्यात नवे संगणक आणि गेटसाठी हाताने पास देण्याची सोय अशा दोन मागण्या लेखी पाठवल्या. मायक्रोसॉफ्टने मे २०२१मध्ये जाहीर केलं की इंटरनेट एक्स्प्लोरर ११ची मुदत १५ जून २०२२ला संपेल. त्या तारखेच्या कितीतरी आधी कियॉस्क बदलले होते, तिन्ही भाग नव्या ब्राउझरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत तपासून झाले होते, आणि १५ जूनच्या पहिल्या पाळीला सगळ्यांची हजेरी लागली.